दोन वेळचा पाला

दहिटाकळीच्या अयोध्याअक्का तौरांची एखादी तरी बॅच वाया गेलेली कुणाला आठवते का, असं विचारलं तर अख्खं गाव डोकं खाजवत बसलं असतं. बाकीच्या बायकांच्या रेशमाच्या अळ्या कधी उन्हानं जायच्या, कधी रोगानं. अक्कांच्या शेडमधून मात्र दर खेपेला टणक, पांढरेशुभ्र कोष निघायचे. 'अक्कांनी खड्याला पाला घातला तर खडासुद्धा कोष करील,' असं बायका म्हणायच्या. अक्का ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पण वर्षाच्या मेळाव्यात मानाचा फेटा आपल्यालाच बांधणार हे पक्कं ठाऊक असल्यामुळं त्या दिवशी केसांना तेल जरा कमीच लावायच्या.

अशा बाईला 'या वेळी अळ्या मुद्दाम अर्धपोटी ठेवा' असं सांगायची पाळी आली ती त्यांच्या धाकट्या जावेवर, शिवकन्येवर. आता बोला!

शिवकन्या कॉम्प्युटर शिकून सून म्हणून या घरात आली, तेव्हा तिला अळी नुसती बघूनच किळस यायची. अक्कांनी तिचा हात धरून तळव्यावर अळी ठेवली होती. "चावत नाही गं, तुझ्या नवऱ्यापेक्षा गरीब आहे," असं म्हणाल्या होत्या. तिथून तिचं शिक्षण सुरू झालं. पुढं तालुक्यातल्या रेशीमवाल्या बायकांनी मिळून 'तुतीमाय' नावाची कंपनी काढली आणि शिवकन्येनं त्या कंपनीसाठी 'जाणती' बांधली.

जाणती म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. प्रत्येक शेडच्या आढ्याला तुपाच्या डबीएवढं एक यंत्र टांगलेलं असायचं. ते शेडमधली उष्णता आणि ओल मोजायचं, आणि मुख्य म्हणजे ऐकायचं. बायकांना लिहायला सवड नसते, पण काम करता करता त्या बोलतात. 'आज पाला जरा कोवळाच टाकला.' 'चुना मारला, पण वारं सुटलं होतं.' 'डाव्या रॅकवरच्या अळ्या सुस्त दिसत्यात.' असल्या बोलण्यातून काय केलं, केव्हा केलं, कसल्या हवेत केलं, हे जाणती वेचून घ्यायची आणि शेवटी कोष कसे निघाले त्याच्याशी जोडून ठेवायची. एका बाईला उभ्या जन्मात जेवढ्या बॅच बघायला मिळतात, त्याहून जास्त जाणती एका हंगामात बघायची. मग कुणी विचारलं, 'बाई गं, आज झळ लै आहे, काय करू?' की अशाच झळीत ज्यांचं साधलं होतं त्यांनी काय केलं, ते ती सांगायची. उत्तर तालुक्यातल्या बायकांचंच, फक्त चाळून-पाखडून घेतलेलं. जे शिकायला नव्या सुनांना वर्षानुवर्षं बोलणी खावी लागायची, ते त्या पहिल्याच हंगामात शिकायला लागल्या. शिवकन्येचं करावं तेवढं कौतुक थोडं होतं, आणि बायकांनी ते तोंड भरून केलंही.

पण काही वर्षांनी जाणती अडली.

उन्हाळा आता फेब्रुवारीतच यायचा. त्या साली विहिरींनी लवकर तळ गाठला आणि तुतीचा पाला कमी पडणार हे सगळ्यांना दिसायला लागलं. अळी चार वेळा कात टाकते, आणि शेवटची कात टाकल्यावर तिला जी भूक लागते ती म्हणजे नुसती आग असते. जन्मभरात खायचं त्यातलं बहुतेक ती त्या शेवटच्या आठवड्यातच खाते. तेव्हा तिला दिवसातून तीन वेळा पाला घालायचा, अशी रीत होती. बायका विचारू लागल्या, 'दोन वेळात भागेल का?'

"मला माहीत नाही," जाणती म्हणाली.

शिवकन्येनं तिला असं म्हणताना फारसं ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, "कामून माहीत नाही?"

"कारण गेल्या तीन वर्षांत तालुक्यात कुणीच दोन वेळा पाला घातलेला नाही. मीच सगळ्यांना तीन वेळा घालायला सांगत आले. सगळ्या माझं ऐकतात. त्यामुळं वेगळं केलं तर काय होतं, हे मला कळायची सोयच उरली नाही."

शिवकन्या कपाळाला हात लावून बसली. गोष्ट अगदी साधी होती. अख्ख्या गावानं एकाच मापानं मीठ घालायचं ठरवलं, तर कमी मिठाची भाजी कशी लागते ते सांगणारं कुणी राहत नाही. पूर्वी बायका चुकायच्या, हट्ट करायच्या, आळस करायच्या, आणि त्यातूनच जाणती शिकली होती. आता सगळ्या शहाण्या झाल्या आणि जाणतीचं शिक्षण थांबलं. इतक्या हौसेनं बांधलेल्या यंत्राला आपल्याच यशानं खीळ बसेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

कंपनीच्या बैठकीत तिनं हे सगळं मोकळेपणानं मांडलं. बायकांनी एक तोडगा काढला आणि त्याला नाव दिलं, आडबारी. दर हंगामात एका शेडनं मुद्दाम आडवाटेनं जायचं. त्यात बॅच बसली, म्हणजे कोष वाया गेले, तर बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या कोषांतली ओंजळ-ओंजळ देऊन त्या बाईची तूट भरून काढायची. एवढं ठरल्यावर पहिली बारी कुणाची, असा प्रश्न आला.

"केवळाबाईला द्या की! तिची बॅच नाहीतरी बिघडतेच," कुणीतरी म्हणालं आणि गोदाम हसण्यानं दणाणलं.

"बिघडते तर बिघडते, तुमच्या दारात येते का मागायला?" केवळाबाईनं तिथल्या तिथं ऐकवलं.

पण जाणतीनं नकार दिला. केवळाबाईकडं बॅच बसली तर ती पाल्यामुळं बसली की हातामुळं, हे कळणार कसं? जिचा हात कधी चुकत नाही तिच्याकडंच हे करून बघायला हवं. तिथं बिघडलं तर दोष पाल्याचा, आणि साधलं तर श्रेय पाल्याचं. जाणतीनं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांच्या माना अक्कांकडं वळल्या. अक्का त्या वेळी पदराला लागलेली काडी काढत होत्या.

घरी आल्यावर शिवकन्या त्यांच्या मागं-मागं शेडमध्ये गेली.

"म्हणजे माझ्या हातानं मी लेकरं उपाशी ठेवू?" अक्का म्हणाल्या.

"अक्का, उपाशी नाही. एक वेळ कमी."

"तुला तुझ्या आईनं एक वेळ कमी वाढलं होतं का कधी?"

अक्कांनी रॅकवरच्या वाळलेल्या फांद्या बाजूला केल्या आणि मग म्हणाल्या, "ठीक आहे. तू म्हणतेस म्हणून. दुसरं कुणी म्हणालं असतं तर शेणकुटानं हाणलं असतं."

बॅच सुरू झाली. शेवटची कात टाकल्यावर अक्का सकाळी पाला घालायच्या, दुपारी घालायच्या, दोन्ही वेळचं वजन मोठ्यानं जाणतीला सांगायच्या आणि शेडला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायच्या. पंधरवड्यानं चंद्रिकांवरून, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळ्यांवरून, कोष उतरवले, तेव्हा बघायला गर्दी जमली. कोष टणक, भरदार, कानाशी हलवले की आत खुळखुळणारे! बायकांनी अक्कांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं. दोन वेळात भागतं म्हणजे उन्हाळा निघाला. पुण्याच्या एका संस्थेनं शिवकन्येला भाषणाला बोलावलं होतंच. आता तिच्याकडं सांगायला एक खराखुरा शोध होता, आणि ती मनातल्या मनात भाषणाची पहिली वाक्यं जुळवायलाही लागली होती.

जाणतीनं मात्र निकाल दाखल करून घेतला नाही.

"अळी रेशीम हवेतून आणत नाही," ती म्हणाली. "पाला खाते, त्यातला थोडा अंगाला लागतो, थोडा लेंड्यांत जातो आणि थोड्याचं रेशीम होतं. आजवरच्या सगळ्या बॅचमध्ये हा हिशेब जुळलाय. अक्कांनी सांगितलेल्या पाल्यातून एवढं रेशीम निघत नाही. एक तर हा फार मोठा शोध आहे, नाहीतर अळ्यांनी आणखी पाला खाल्लाय."

"तुला काय वाटतं?"

"शोध असता तर मला आवडलं असतं. पण तसं वाटत नाही."

शिवकन्या भाषण विसरली. हा निकाल खोटा असेल आणि जाणतीच्या तोंडून बाहेर पडला, तर तालुक्यातल्या तीनशे शेड ऐन उन्हाळ्यात संध्याकाळचा पाला बंद करणार होत्या. लाखो अळ्या उपाशी राहणार आणि बायका म्हणणार, जाणतीनंच सांगितलं. एकदा का त्यांचा विश्वास उडाला की मग ते यंत्र म्हणजे आढ्याला टांगलेली रिकामी डबी. आणि खरं विचारायचं तर विचारायचं कुणाला? जिनं तळहातावर अळी ठेवली तिला.

तिनं विचारलं. शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "अक्का, संध्याकाळी कुणी पाला टाकला का शेडमध्ये?"

"कुणी म्हणजे? किल्ली माझ्याकडं असते."

"म्हणूनच विचारते."

अक्कांचा चेहरा लाल झाला. "एवढी वर्षं माझे कोष खरे होते, आणि तुझ्या डबीला नाही पटले की खोटे? चोरीचा आळ घेतेस माझ्यावर? माझ्याच घरात?"

त्यानंतर अबोला. एका चुलीवर दोन जावा स्वयंपाक करायच्या आणि मधे अक्कांचे यजमान, नाना, बिचारे टपाल झाले. "अहो, तिला सांगा मीठ इकडं द्यायला," अक्का म्हणायच्या, आणि शिवकन्या हातभर अंतरावर मिठाची बरणी घेऊन उभी असायची. नानांनी एकदा "मीठ घरात आहे की परगावी?" असं विचारून बघितलं, पण दोघींपैकी कुणीच हसलं नाही. शिवकन्येला रात्री जेवण जाईना. अक्का तिला आईच्या ठिकाणी होत्या, आणि आता ती त्यांच्याकडं मान वर करून बघूही शकत नव्हती.

बैठकीचा दिवस आला. बायका जमायच्या आधीच शिवकन्येनं कंपनीच्या गोदामातली जाणतीची डबी बंद करून ठेवली, कारण जाणतीला कुणी काही विचारलं की तिला खोटं बोलता येत नसे. मग ती उभी राहिली आणि म्हणाली, "दोन वेळच्या पाल्याचा निकाल मी घेणार नाही. या उन्हाळ्यातही तीनच वेळा घाला."

एकच गलका झाला.

"पाला काय आभाळातून पडणार आहे?"

"कोष आम्ही या डोळ्यांनी बघितले की!"

"निकाल कामून घेत नाहीस, ते तर सांग!"

"मला पटला नाही," एवढंच शिवकन्या म्हणाली.

केवळाबाईनं हात नाचवला. "अगं बाई, जावेचा मोठेपणा बघवत नाही, दुसरं काय? शिकली-सवरली तरी जाऊ ती जाऊच!"

मागून हशा पिकला. शिवकन्येचे कान तापले, डोळे भरून आले, पण ती खाली बघत उभी राहिली. तिला एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती. तिनं ते वाक्य उच्चारलं नाही, आणि त्या वेळी तिच्याइतकी मोठी बाई त्या गोदामात दुसरी नव्हती, असं मला वाटतं.

नाही, एक होती. ती मागच्या रांगेत बसली होती आणि आता गुडघ्यावर हात टेकून उठत होती.

"बस गं केवळे," अक्का म्हणाल्या. "मी घातला पाला."

हशा जागच्या जागी थांबला.

"रोज दिवेलागणीला. ओच्यात घेऊन जायचे आणि तोंड मिटून घालायचे, डबीला ऐकू जाऊ नये म्हणून. अळ्या माना वर करून बघायच्या. मागायला तोंड नाही त्यांना. मला बघवेना." त्या थांबल्या, पदरानं ओठ पुसले. "पण नुसती माया होती म्हणाले तर तेही खोटंच होईल. अयोध्याची बॅच बसली, असं कुणी म्हणू नये, हाही सोस होता. ही पोर माझ्यासाठी तुमची बोलणी खातेय आणि मी गप बसले, तर मग मी कशाची थोरली? तुमच्या तीनशे शेडमधल्या अळ्या माझ्या खोट्यापायी मेल्या असत्या गं!"

केवळाबाईनं पुढं होऊन त्यांना पाण्याचा तांब्या दिला.

"आता खरी बारी करते," पाणी पिऊन अक्का म्हणाल्या. "ऐन उन्हाळ्याआधी अजून एका बॅचला वेळ आहे. किल्ली हिच्याकडं राहील. आणि एक ध्यानात ठेव शिवकन्ये, जे निघेल ते तुझ्या जाणतीनं माझ्या आवाजात सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून माझी हार सांगितलेली मला चालायची नाही."

दुसरी बॅच शेवटच्या कातीतून उठली. पहिले दोन दिवस काहीच जाणवलं नाही, संध्याकाळीही फांद्यांवर थोडा पाला उरायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी जावा शेडमध्ये शिरल्या, तेव्हा आत एरवीची ती खाण्याची सरसर नव्हती. रॅकवर नुसत्या सोललेल्या फांद्या होत्या, आणि त्यांवर हजारो अळ्या पुढचं अंग उचलून, माना हलवत पाला शोधत होत्या. काही तर रॅकच्या कडेपर्यंत आल्या होत्या. शिवकन्येनं या गोष्टी पडद्यावर आकड्यांत किती वेळा बघितल्या असतील, पण असं कधी बघितलं नव्हतं. दाराशी उद्या सकाळच्या पाल्याचा ढीग ओल्या गोणपाटाखाली झाकलेला होता. तिचा हात आपसूक गोणपाटाकडं गेला.

अक्कांनी तिचं मनगट धरलं.

"ठेव खाली."

"अक्का, एकच मूठ. एका मुठीनं काय—"

"माझ्याही एकाच मुठीपासून सुरू झालं होतं." अक्कांचे डोळे वाहत होते, पण पकड ढिली झाली नाही. "चल बाहेर. कुलूप लाव."

कुलूप लावून दोघी शेडच्या पायरीवर बसल्या. अक्कांनी तिचा हात सोडला नाही, आणि शिवकन्येनंही सोडवून घेतला नाही. नाना घरातून ओरडले, "अगं, कुणी चहा करतंय का?" तेव्हा अक्का म्हणाल्या, "तुम्हीच करा आज. आणि मीठ नका घालू त्यात." त्यावर शिवकन्येला रडता रडता हसू फुटलं.

बॅच बसली. कोष पोचट निघाले, बोटानं दाबले की खड्डा पडायचा. अक्कांनी ते सगळ्यांसमोर स्वतः ओतले. पण या वेळी पाल्याचा आणि रेशमाचा हिशेब जुळला, आणि जाणतीला जे तीन वर्षं कळत नव्हतं ते एका बॅचमध्ये, रोज उरलेल्या पाल्यावरून, कळलं. शेवटची कात टाकल्यावर पहिले दोन दिवस अळीला दोन वेळचा पाला पुरतो, तिथं वाचवता येतं. तिसऱ्या दिवसापासून मात्र भूक थेट रेशमाला लागते, तिथं एक वेळही चुकवायची नाही. बायकांनी आधी वाचवलेला पाला पुढं घातला. त्या उन्हाळ्यात तालुक्यात पाल्यापायी एकही शेड रिकामी पडली नाही. पुढच्या आडबारीसाठी तर नावं द्यायला बायकांची चढाओढ लागली, आणि सगळ्यांत आधी हात वर केला केवळाबाईनं. "माझा हात आता सुधारलाय," असं तिचं म्हणणं होतं, आणि जाणतीनंही ते मान्य केलं.

पुण्याच्या भाषणात शिवकन्येनं शोध सांगितला नाही. फसलेली बारी सांगितली, आधी खोटी आणि मग खरी. ते ऐकून आणखी दोन जिल्ह्यांतल्या बायकांनी जाणती मागून घेतली.

त्यातल्याच एका लांबच्या गावात शिवकन्या एकदा डबी दुरुस्त करायला गेली होती. शेड एका नव्या नवरीची होती. पोरीनं शिवकन्येला चहा दिला, घामेजलेलं तोंड पुसलं आणि आढ्याकडं बघून म्हणाली, "बाई, शेवटची कात टाकून चौथा दिवस आहे, पाय दुखून आलेत. आज संध्याकाळचा पाला चुकवला तर चालेल का?"

डबीतून आवाज आला, खणखणीत, जरासा रागीट. "नाही चालत, पोरी. मी अयोध्या तौर, दहिटाकळीची. मी चुकवून बघितलंय. माझी आख्खी बॅच बसली. तू माझ्यावर विश्वास ठेव आणि ऊठ."

पोरगी कुरकुरत उठली आणि तिनं पाल्याची फांदी उचलली. "ही म्हातारी कोण आहे, देव जाणे," ती म्हणाली. "पण हिनं सांगितलं की ऐकावंच वाटतं."

शिवकन्येनं कप खाली ठेवला आणि दुसऱ्या टोकानं फांदी धरली.

"माझी थोरली जाऊ आहे ती," ती म्हणाली.